एकही ओरखडा नसलेला हत्ती

मित्रांनो, वयाने मी जुना झालो आहे, पण मला बघून तुम्हाला ते पटणार नाही. माझा निळा रंग जिथल्या तिथे आहे. सोंड शाबूत आहे. चारही चाके कुरकुर न करता फिरतात. एवढ्या वर्षांत अंगावर एकही ओरखडा नाही, याचा एखाद्या कपाटाला अभिमान वाटेल. मी खेळण्यातला हत्ती आहे. मला त्या कोऱ्या अंगाची लाज वाटते.

मला एका सुताराने घडवले. हात सफाईदार आणि तोंड फटकळ, असा तो माणूस. चाकांची भोके त्याने मुद्दाम मधोमध न पाडता जरा बाजूला पाडली. त्यामुळे दोरीने ओढले की मी डुलत चालतो आणि माझे लाकडी कान टपटप वाजतात. रंग वाळल्यावर त्याने मला दुकानभर फिरवले आणि "चालतोय की गडी!" म्हणून एकटाच हसला. आतून बायकोने विचारले, "काम चाललंय की खेळ?" त्यावर तो काहीतरी पुटपुटला आणि त्याने मला फळीवर ठेवून दिले.

तिथून मला एका संशोधन संस्थेने घेतले. सरकारी खर्चाने चालणाऱ्या बालवाड्यांचा मुलांना खरेच किती उपयोग होतो, हे त्यांना शोधायचे होते. बालवाडीत जाणारी मुले आणि न जाणारी मुले एकाच पद्धतीने तपासायची आणि फरक बघायचा. काम चांगलेच होते, मी त्याला नावे ठेवणार नाही. मला तर हर्ष झाला होता. रोज नवी मुले भेटणार! पण माझी रवानगी झाली एका काळ्या पेटीत. आतल्या स्पंजला माझ्याच आकाराचा खड्डा पाडलेला होता. सोंडेला जागा सोंडेपुरती, शेपटीला शेपटीपुरती. शेजारी वाळूचे घड्याळ होते, पण ते महाशय फारसे बोलके नव्हते. नियम असा, की तपासणी सोडून मला कुणीही हात लावायचा नाही. मुलांची माझ्याशी आधीच ओळख झाली तर म्हणे मोजमाप बिघडते. झाकण लागले की खटका पडायचा आणि मी अंधारात कान ताठ करून बसायचो.

ही पेटी एका ताईच्या ताब्यात होती. मुले तिला पेटीवाली ताई म्हणत. स्वभावाने ती हसरी, पण तपासणीच्या खोलीत तिला हसायचीही परवानगी नव्हती. मला मुलासमोर टेबलावर ठेवायचे, वाळूचे घड्याळ उलटे करायचे आणि मूल स्वतःहून माझी दोरी ओढते का, ते बघायचे. वाळू संपेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. मागच्या खुर्चीत आई बसायची, तिच्याही तोंडाला कुलूप.

एक दिवस त्या खोलीत भिंगरी आली. बालवाडीत एका जागी ठरायची नाही, म्हणून तिचे हे नाव पडलेले. तिची आई चादरी धुण्याच्या कारखान्यात कामाला होती. बालवाडी संध्याकाळपर्यंत उघडी असायची, म्हणून ती बिनघोर कामावर जायची. मला बघताच भिंगरीचे डोळे मोठे झाले. तिचा हात दोरीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"ताई, घेऊ का?"

ताई गप्प.

"घेऊ का मी?"

ताईने ओठ घट्ट मिटले आणि वाळूकडे बघितले. मग भिंगरी टेबलावर वाकली आणि थेट माझ्या कानाशी म्हणाली, "हत्तीदादा, घेऊ का तुला?"

मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने 'घे, घे' म्हणत होतो. पण लाकडाला कसली वाचा? तिने हात मागे घेतले आणि मांडीखाली दाबून ती बसून राहिली. वाळू संपली. ताईने शून्य लिहिले आणि मला पेटीत ठेवले.

तिच्यानंतर बालवाडीत न जाणारा एक मुलगा आला. त्याने आल्या आल्या माझ्यावर झडप घातली आणि मला टेबलाच्या टोकापर्यंत ओढले. त्याला पूर्ण गुण. मला गंमत वाटली, खोटे कशाला बोलू? पण पुढे बालवाडीची मुले एकामागून एक येत राहिली, 'घेऊ का?' विचारत राहिली आणि उत्तर न मिळाल्यामुळे हात आवरून बसत राहिली. शून्यांवर शून्ये पडत गेली.

एकदा ताई मुलांना न्यायला बालवाडीतच आली. पेटी खिडकीत ठेवून सामान तपासायला तिने झाकण बोटभर उघडले आणि फटीतून मला सगळा वर्ग दिसला. मुले ढीगभर, खेळणी मोजकी. भांडणे होऊ नयेत म्हणून तिथल्या बाईंनी एक वळण लावले होते. खेळणे हवे असेल तर 'घेऊ का?' विचारायचे, आणि ज्याच्या हातात ते असेल त्याने 'घे' किंवा 'थांब जरा' असे उत्तर द्यायचेच. दिवसभर खोलीत हीच देवाणघेवाण चाललेली. सगळ्यात मोठा आवाज भिंगरीचा होता. ताई दारातच कपाळावर हात मारून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेच्या मोठ्या सरांकडे गेली. पेटी तिच्या हातातच होती.

"सर, ही मुलं मागे नाहीत हो. ती विचारतात, आणि आपण मुके बसतो!"

सर वाईट नव्हते. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. "पटतंय मला. पण निम्म्याहून जास्त मुलं तपासून झालीत. आता पद्धत बदलली तर आधीचं सगळं फुकट जाईल. तू लिहून दे, आपण टीप घालू."

टीप पहिल्या अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापली गेली. पहिल्या पानावर मात्र ठळक छापले होते, की बालवाडीची मुले स्वतःहून काही करण्यात मागे पडतात. बालवाड्यांचा खर्च मंजूर करणारे मोठे लोक पहिले पानच वाचतात. दुपारनंतरची बालवाडी बंद झाली.

वर्षभराने तीच मुले पुन्हा तपासणीला आली. दाराबाहेर भिंगरीची आई ताईला सांगत होती, "दुपारी हिला घरात ठेवून बाहेरून कडी लावून जाते. काय करू? शेजारच्या काकू मधून मधून खिडकीतून हाक मारतात." हे मी पेटीतल्या त्या खड्ड्यात बसून ऐकले. कडी लागण्याचा आवाज मला चांगला ठाऊक होता.

भिंगरी आत आली. उंच झाली होती. ताईने मला समोर ठेवले आणि वाळू उलटी केली. भिंगरीने कुणाकडे बघितले नाही. दोरी धरली आणि मला ओढले, पुढे आणि मागे, पुढे आणि मागे. माझे कान टपटप वाजत होते. आयुष्यभर मी याचीच वाट बघितली होती, पण ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिची नजर भिंतीवर होती.

वाळू संपली तशी ताई पुढे वाकली. "भिंगरी, या वेळी विचारलं नाहीस गं?"

"विचारलं तर कुणी बोलतच नाही."

पूर्ण गुण मिळाले. सर म्हणाले, "बघ, केवढी सुधारणा!" ताईने मान खाली घातली. तिने मला उचलून पेटीत ठेवले.

संशोधन संपले. पेटी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागले. मित्रांनो, मला बाहेर काढा असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात, जिन्यात, दुकानाच्या पायरीवर एखादे लहान मूल तुमच्याकडे बघून काही विचारेल. घे म्हणा, थांब म्हणा, नको म्हणा, पण उत्तर द्या. ते फार दिवस विचारत राहत नाही.