भरतकामाच्या मशीनचा नवा कॉम्प्युटर

लोहाऱ्यात कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन पहिल्यांदा आणलं ते अजीजाबींनी. तेव्हा पार माकणी गावच्या नवऱ्या मुली ओढणीवरचा वेल निवडायला त्यांच्या ओट्यावर यायच्या. मशीन अजून ठणठणीत होतं, पण त्याला नक्षी पाठवणारा कॉम्प्युटर बंद पडला होता. दुसरा जुळला नाही, तर मुलगा समद मशीन विकून टाकणार होता.

"अम्मी, भंगारवाला बघून ठेवलाय," त्यानं सांगितलं होतं.

म्हणून मशीनची केबल पिशवीत घालून अजीजाबी नात तबस्सुमबरोबर राजशेखरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसल्या होत्या. कॉम्प्युटरवर नक्ष्या तबस्सुमच काढायची. तिला नवा बोर्ड, नवा प्रोसेसर हवा होता. राजशेखरनं मात्र वापरलेला जुना बोर्ड पुढं केला.

"चाची, ही केबल नव्याला लागत न्हाय. पाठीमागं तसली जागाच न्हाय."

"जुन्यावर एक पाकळी उमटेस्तोवर चहा गार होतो," तबस्सुम फणकारली. "ओढणी काय निकाह झाल्यावर द्यायची?"

"मग केबलला मधी जोड लावा."

"लॅपटॉपला लावला की. मशीन अर्ध्या वेलात अडकलं."

अजीजाबींनी नवा बोर्ड हातात घेतला. आखूड झालेला झगा घेऊन आलेल्या बाईला त्यांनी कधी तसंच परत पाठवलं नव्हतं. आधी झगा उलटा करायचा, शिवणीत दुमडलेलं जास्तीचं कापड शोधायचं, मगच काय ते बोलायचं.

"बाहेरनं जागा न्हाय, बरं. आतनं बघितलंस का?"

"आतनं काय असणार, चाची?" हसत हसत राजशेखरनं बोर्ड दिव्याखाली धरला. तबस्सुम वाकली. कडेला बारीक पिनांची दुहेरी रांग होती, शेजारी 'कॉम' असं छापलेलं.

"राजूभाई, हे काय मग?"

राजशेखरनं बोर्ड डोळ्यांजवळ नेला. "तेच की, जुन्या केबलचं. सोय दिलीय, तोंड तेवढं बाहेर काढलं न्हाय."

मोडीत आलेल्या एका कॉम्प्युटरातनं त्यानं त्या पिनांवर बसणारी, केबलचं तोंड असलेली पट्टी काढली, फुंकर मारली आणि नव्या बोर्डाला जोडली. अजीजाबींची केबल तिच्यात गच्च बसली.

संध्याकाळी घरी मशीनची सुई सुरू झाली ती अख्खा वेल भरूनच थांबली. समद दारात उभा राहून बघत होता.

"अम्मी, त्या भंगारवाल्याला काय सांगू?"

अजीजाबींनी ओढणी झटकली, उजेडात धरली.

"बायकोची ओढणी घेऊन ये म्हणावं. पण थांबावं लागंल. पुढं लई जणी हायत."