रुजू

“पावती चारशे बारा, आर्ट पेपर, नऊ हजार सातशे चाळीस.”

“रुजू.”

“चारशे तेरा, पुठ्ठा, बाराशे पाच.”

“रुजू.”

कागदाच्या वखारीतल्या मागच्या खोलीत महिनाअखेरीला हा घोष गेली बावीस वर्षं चालत आला होता. पुढच्या गाळ्यातला कारकून खातेवही लिहायचा. मग रोखपाल ताई पावत्यांच्या गठ्ठ्यातून रक्कम पुकारायची आणि समोर बसलेले हिशेबनीस काका वहीत तीच रक्कम बघून “रुजू” म्हणत लाल खूण करायचे. ताई तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. काकांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. मालकांचा संगणकावर काडीचा भरवसा नव्हता. काकांवर मात्र होता, अगदी डोळे मिटून.

आज खोलीत तिसरं माणूस होतं. हिशेब तपासणाऱ्यांच्या कचेरीतून आलेली नवी मुलगी. दोघांच्या सह्या झाल्या की ती वही घेऊन जाणार होती.

“काका, हे सारखं रुजू रुजू काय असतं हो?” तिने विचारलं.

“झालं! आता तासभर बस ऐकत,” ताई म्हणाली.

काका खुलले. “अगं, शब्द अरबीतला. तिथून फारसीत, मग आपल्या दप्तरात आला. मुळात अर्थ मागे फिरणं, परत येणं. वहीत लिहिलं म्हणजे काम संपलं नाही. मागे फिरायचं, मूळ कागदापाशी यायचं, आपल्या डोळ्यांनी बघायचं. मग रुजू म्हणायचं. त्याआधी नाही.”

मुलीने ते चक्क टिपून घेतलं. काकांची मान ताठ झाली. ताई हसू दाबत पुन्हा पुकारू लागली आणि त्या नादात सात-आठ पावत्या एकदम उलटल्या गेल्या.

“चारशे बावीस, लिफाफे, तीन हजार साठ.”

“रुजू.”

खूण झाली तेव्हा ताईच्या लक्षात आलं, आपण चारशे चौदा सोडून भलतीच पावती वाचली. मग काका रुजू कसे म्हणाले? तिने मान उंचावून वहीत पाहिलं. ओळीत चारशे चौदाच होती, रक्कम निराळी, आणि तिच्यापुढे लाल खूण ठसठशीत. होतं एखाद्या वेळी, असं मनाशी म्हणत तिने पुढची पावती उचलली.

“चारशे पंधरा, सत्तेचाळीस हजार एकशे अकरा.”

एवढ्या रकमेची पावती त्या महिन्यात फाटलीच नव्हती.

“रुजू,” काका म्हणाले.

तिची नजर काकांच्या डाव्या हाताकडे गेली. वहीच्या कडेला त्यांनी एक पुठ्ठा धरला होता. त्याला ब्लेडने खाचा पाडलेल्या होत्या, ओळीगणिक एक. काकांचा अंगठा एका खाचेतून पुढच्या खाचेत सरकत होता.

तिने मुलीला पुढच्या गाळ्यातून शिक्का आणायला पिटाळलं. पावलं लांब गेल्यावर ती म्हणाली, “काका, किती बोटं आहेत सांगा.”

काका पुढे झुकले. “दोन?”

तिने हात वर केलाच नव्हता.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“उजवा डोळा जाऊन दोन वर्षं झाली. डावाही त्याच सुमाराला अधू झाला. माणसं दिसतात पुसट. आकडे नाही दिसत.”

“आणि मधे वहीतल्या कितीतरी चुका पकडल्यात त्या?”

“त्या तू पकडल्यास. पावतीत खाडाखोड असली की तू अडखळतेस. मग मी म्हणायचो, थांब, नीट बघ जरा.”

दोन वर्षं दर महिन्याला ‘रुजुवात झाली’ असा शेरा आणि खाली दोघांच्या सह्या. ताईला काकांचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. हाताच्या अंतरावर बसून दोन वर्षांत तिने एकदाही मान वर करून या माणसाकडे पाहिलं नव्हतं.

“आठच महिने राहिलेत गं,” काका हळूच म्हणाले. “तुझ्या काकूलासुद्धा ठाऊक नाही.”

तेवढ्यात मुलगी परत आली आणि तिने शिक्का टेबलावर ठेवला. “राहिलेलं उरकून सही करा ना काका. म्हणजे मी निघते.”

काकांनी पुठ्ठा बाजूला सारला.

“बाळ, मघाशी सांगितलं ना, आपल्या डोळ्यांनी बघायचं? मी दोन वर्षं बघितलेलं नाही. मला दिसतच नाही.”

मग ते ताईकडे वळले.

“ताई, लिही तू. दोन वर्षांची रुजुवात झालेली नाही.”

ताईने लिहिलं. वही काकांपुढे सरकवत तिने विचारलं, “पुठ्ठा धरू?”

“नको.”

काकांनी लाल पेन टेकवलं. नावाची पहिली दोन अक्षरं वहीत उमटली, आडनावाची रेघ पानावरून उतरून टेबलावर गेली आणि तिथेच संपली. सही पुरी झाली असं समजून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

ताईने शेजारी आपली सही केली आणि दोन वर्षांपूर्वीचा गठ्ठा काढायला कपाटाकडे गेली. टेबलावरची रेघ तिने पुसली नाही.