शिरपूरची माकडटोपी गोठलेल्या तळ्यावर

मित्रांनो, मी एक जुनी माकडटोपी आहे. रंग तपकिरी, पण हनुवटीखालचा पट्टा मात्र पोपटी. त्याचं कारण अगदी साधं आहे. शिरपूर जैनच्या गंगूबाईंनी मला विणायला घेतलं आणि शेवटी शेवटी तपकिरी लोकर संपली. बाजारात पुन्हा तो रंग मिळेना. गंगूबाई अडून बसणाऱ्यांतल्या नव्हेत. घरात होती ती पोपटी लोकर जोडून त्यांनी मला पुरी केली. ज्याच्यासाठी विणलं तो त्यांचा मुलगा संघदीप तेव्हा लहान होता आणि मी त्याच्या नाकापर्यंत उतरायची. "वाढत्या अंगाची केली, राहू दे," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

संघदीपला सिकलसेलचा आजार आहे. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. थंडी लागली, पाणी कमी प्यायलं, की हाडं ठणकायला लागतात. ते दुखणं मी फार जवळून पाहिलं आहे. माणूस ओरडतसुद्धा नाही, नुसता दातावर दात धरून पडून राहतो. म्हणून माझी नेमणूक. शाळेत पोरं मला मागून ओढायची, "ए माकड" म्हणायची. राग मलाच जास्त यायचा, कारण संघदीप मला उचलून, झटकून पुन्हा डोक्यावर घालायचा आणि वहीत डोकं खुपसायचा.

तो मोठा झाला, बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मी त्याच्या मापाची झाले. एका डिसेंबरात पहाटे त्याचे पाय आणि पाठ एकदम धरली. वाशिमला न्यायला गाडी मिळेना. शेवटी भाजीचा टेम्पो थांबवला. वांग्यांच्या कॅरेटांमध्ये जागा करून त्याला मेथीच्या जुड्यांवर निजवलं. मागून उघडा टेम्पो, वर बोचरा वारा. त्याची बहीण धम्मदीपा वाशिमपर्यंत दोन्ही हातांनी मला त्याच्या कानांवर दाबून बसली होती. डॉक्टर म्हणाले, "गरम गाडीत आणि वेळेवर आणलं असतं तर इतकं वाढलं नसतं." पोरगा त्या खेपेला थोडक्यात वाचला.

धम्मदीपा प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते आणि पोलिस भरतीसाठी पळायची तेव्हापासून तिला पळण्याची सवय आहे. वाशिमच्या एका संस्थेला सिकलसेलच्या रुग्णांसाठी बंदिस्त गाडी घ्यायची होती. लडाखमधल्या गोठलेल्या तळ्यावर मॅरेथॉन होते, ती कोणी आपल्या जिल्ह्यातून पळालं तर गाडी देऊ, असं काही व्यापाऱ्यांनी कबूल केलं. अट एकच, बेचाळीस किलोमीटर पूर्ण झाले पाहिजेत. अर्ध्यातून परत आलं तर गाडी नाही. धम्मदीपाने नाव दिलं.

वडील माणिकराव म्हणाले, "आपल्याकडं बर्फ कुठं हाय वं? तू सराव कशावर करशील?"

"बर्फाच्या गोळ्यावर करते, बाबा," ती म्हणाली.

गंमत नव्हती ती. भर मे महिन्यात ती वाशिमच्या बर्फाच्या कारखान्यात जायला लागली. मालक उदयसिंग आधी चक्रावले. मग त्यांनी लाद्यांच्या खोलीत थोडी जागा मोकळी करून दिली. संघदीपकडून ती मला मागून न्यायची, तिथे मला घालून जागच्या जागी पळायची आणि बाहेर आली की बेचाळीस डिग्रीचं ऊन. एकदा मला काढायचं विसरून ती तशीच शिरपूरच्या बसमध्ये चढली. एक म्हातारी शेजारून उठली आणि कंडक्टरला म्हणाली, "या पोरीले ऊन लागलं वाटते. पाणी पाज तिले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी त्या शर्यतीला जाणार हे मात्र ठरलेलं नव्हतं. संस्थेने तिला भारीतली टोपी दिली होती, हलकी, काळी, चकचकीत. हिवाळ्यात निघायच्या दिवशी संघदीपने मला तिच्या बॅगेत कोंबलं. "ताई, हे घालून पळ. म्हंजे मीबी पळालो."

"अन् तुले थंडी वाजली त?"

"घरात बसतो ना मी. तू कायले फिकर करून राह्यली?"

गंगूबाईंनी तेवढ्यात खोबरेल तेलाची बाटली बॅगेत टाकली. "कानाले, डोक्याले चांगलं चोपडजो. थंडीत कान उलत-फाटत नाई."

मित्रांनो, आमच्याकडे हिवाळ्यात हाच उपाय. घरोघरी करतात आणि वाशिमच्या थंडीला तो पुरतोही. पण वाशिमची थंडी म्हणजे थंडीच्या घरची लहान मुलगी. लडाखला बाटलीतलं तेल दगड झालं होतं. धम्मदीपाने शर्यतीच्या सकाळी ती बाटली गरम पाण्यात धरली आणि आईची आठवण काढत तेल केसांना, कानांना भरपूर लावलं. वरून मला घातलं. मी तेल पिऊन तृप्त झाले. यात काही चुकतंय, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

तळ्यावर पाय ठेवला आणि वारा आला. बापा, काय तो वारा. माझ्यातलं तेल थिजायला लागलं. माझ्या कानपट्ट्या आणि हनुवटीखालचा पट्टा पापडासारखे कडक झाले आणि प्रत्येक पावलागणिक मी वर वर सरकू लागले. मला धरून ठेवता येईना. ज्या कानांसाठी माझा जन्म, ते उघडे पडत होते आणि मी नुसती बघत होते. इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर तंबूत डॉक्टर सगळ्यांचे कान आणि बोटं तपासत होते. धम्मदीपाचा डावा कान पांढरा पडायला लागला होता. डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं, तळहाताने कान झाकून धरला आणि सांगितलं, रंग परत आला तर सोडीन, पण कान पुन्हा उघडा राहणार असेल तर इथेच थांबायचं. ती काळी टोपी खोलीवर राहिली होती. धम्मदीपाच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी हातची गेली, हेच तिच्या मनात होतं. ती पुटपुटली, "संघ्याले काय सांगू मी?"

कानाचा रंग हळूहळू परतला. धम्मदीपाने नाक पुसायला खिशात हात घातला आणि हाताला लागला तिचा सुती दुपट्टा. वऱ्हाडातली मुलगी कुठेही गेली तरी दुपट्टा सोबत असतोच. मे महिन्यात गाडीवर बसताना ऊन आणि झळा लागू नयेत म्हणून डोळे सोडून सगळं डोकं त्यात कसं गुंडाळायचं, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. तिने मला हाताने चोळून मऊ केलं, खाली ओढलं आणि वरून दुपट्ट्याचे वेढे देऊन मागे गच्च गाठ मारली. डॉक्टरांनी गाठ ओढून पाहिली. मी जागची हलले नाही. त्यांनी मान डोलावली.

पुढचं अंतर ती कधी पळाली, कधी चालली, दोनदा घसरून पडली. मी कानांना चिकटून बसले. मुदत संपता संपता तिने रेषा ओलांडली. पूर्ण केलेल्यांत ती सगळ्यात शेवटची होती.

फोन लागला तेव्हा माणिकरावांचा पहिला प्रश्न, "पयली आली काय?"

"नाई बाबा. पुरी आली."

पलीकडून आवाज आला, "मंग त्या फ्लेक्सचं काय करावं?" कारण शिरपूरच्या पोरांनी आदल्या दिवशीच बसस्टँडवर भलामोठा फ्लेक्स लावला होता, धम्मदीपाचा फोटो आणि खाली 'प्रथम क्रमांक'. आमच्याकडे अभिनंदनाची घाई फार. संघदीप शिडी घेऊन गेला आणि त्याने 'प्रथम क्रमांक' वर कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पूर्ण'. तो फ्लेक्स नंतर पाऊस पडेपर्यंत कोणी उतरवला नाही.

गाडी आली. पांढरी, बंद खिडक्यांची, आत हीटर. उद्घाटनाला संघदीपला आत निजवून फोटो काढायचा बेत होता. तो म्हणाला, "दुखत नसताना निजू कायले?"

पुढच्या पौषात केनवड गावाहून फोन आला. भाजीपाला पिकवणाऱ्या पुंजाजींची मुलगी तनुजा सकाळपासून दुखण्याने तळमळत होती. चालक लालसिंगसोबत संघदीपही गेला. तनुजाने डोक्याला काही बांधलं नव्हतं. कॉलेजात टोपीवरून चिडवतात म्हणून तिने सोडून दिलं होतं. संघदीपने आपल्या डोक्यावरून मला काढून तिच्या डोक्यावर चढवलं.

"तुमाले लागन ना," ती कण्हत म्हणाली.

"आता तुले जास्त लागते."

ती वेळेवर पोचली. संध्याकाळी उठून बसली आणि चहा प्यायली. मी अजून तिच्याकडेच आहे. माझा एक कान उसवला आहे, खोबरेलाचा वास काही जात नाही, पण काम चालू आहे.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, बसमध्ये कोणी उन्हातही टोपी घालून बसलेलं दिसलं, तर ती ओढू नका. ती टोपी कोणाचं तरी दुखणं अडवून धरते आहे. जमलं तर वाऱ्याच्या बाजूची खिडकी लावून घ्या, एवढं पुरे.

तनुजाला पोचवलं त्या दिवशी संघदीप उघड्या डोक्याने घरी गेला. गंगूबाईंनी दारातच विचारलं, "टोपी कुठं हरपली रे?"

"हरपली नाई, माय," तो म्हणाला. "कामावर गेली."