चार तासांची बॅटरी

तीन दिवस आभाळ गच्च होतं आणि वाऱ्याचा मागमूस नव्हता. वहिनी मनातून खूश होती. अशाच दिवसाची ती दीड वर्षं वाट पाहत होती.

तिचा नवरा ऊन-वाऱ्यावर चालणाऱ्या वीज केंद्राचा मुख्य अभियंता होता. त्याने अहवालात साफ लिहिलं होतं: ऊन-वारा फुकट, पण साठवण फुकट नाही, बॅटऱ्या चार तासांच्या नव्हे, तीन दिवसांच्या हव्यात, खर्च अडीचपट होईल. संचालकाने ते पान काढून टाकलं आणि स्वस्त विजेच्या नावाने टाळ्या घेतल्या. संचालक म्हणजे त्याचाच धाकटा भाऊ. त्याला थोरल्याने पोटाला चिमटा काढून शिकवलं होतं. पहिल्याच ढगाळ आठवड्यात शहर अंधारात गेलं, तेव्हा भाऊजींनी खापर फोडलं ते थोरल्याच्या माथी: बॅटऱ्यांची निगा राखली नाही म्हणे. नोकरी गेली, नाव गेलं. माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसू लागला. वहिनीने हे विसरायचं नाही, असं ठरवलं.

ती त्याच केंद्रात नियंत्रण कक्षात होती. पाहुणे आले की गोदामामागचा डिझेल जनरेटर गुपचूप लावायचा, ही भाऊजींची रीत. घरचं माणूस म्हणून किल्ली तिच्याकडे असायची.

आज नवे गुंतवणूकदार आले होते. सकाळी दहापासून सगळी इमारत रात्री जनरेटरवर भरून ठेवलेल्या बॅटरीवर. दीडला जनरेटर लावायचा, असं भाऊजींनी बजावलं होतं. दीडला वहिनीने किल्ली खिशात टाकली आणि सभागृहात नवऱ्याशेजारी जाऊन बसली. त्याला तिने ओढूनच आणलं होतं.

"सगळं निव्वळ बॅटरीवर," भाऊजी माइकवर सांगत होते.

दोन वाजून सहा मिनिटांनी दिवे गेले. सभागृहाला खिडकी नव्हती.

"वहिनी, जनरेटर का नाही लावलात?" भाऊजींच्या तोंडून निघून गेलं.

"कुठला जनरेटर, भाऊजी?"

मग मोबाइलचे उजेड एकेक करून भाऊजींच्या तोंडावर वळले.

"बॅटरी किती तासांची आहे?" एका पाहुण्याने विचारलं.

"चार," वहिनीचा नवरा उभा राहिला. दीड वर्षात त्याचा आवाज इतका खणखणीत लागला नव्हता. "मी तीन दिवसांची मागितली होती."

वहिनीने पर्समधून अहवालातल्या त्या गाळलेल्या पानाची प्रत काढून पाहुण्याच्या हातात दिली.

भाऊजी अंधारात चाचपडत जवळ आले आणि कुजबुजले, "किल्ली द्या. आपण घरची माणसं ना, वहिनी?"

"हेही घरचेच होते," ती म्हणाली आणि खिशातली किल्ली घट्ट धरली.