उस्तादाचा तळहात

“उस्ताद, हिला खिडकी काहून दिली असंल?”

सपनाने रायफलीची खाकी मॅगझीन उजेडाकडे धरली. तिच्या कडेला वरपासून खालपर्यंत एक अरुंद पारदर्शक पट्टी होती. आत किती राउंड, म्हणजे गोळ्या, उरलेत ते बाहेरून दिसावं म्हणून दिलेली.

“ज्यांच्या हाताला कळत न्हाई त्यांच्यासाठी,” रत्नपाल म्हणाला. “आपल्याला काय करायची? हातच्या काकणाला आरसा कशाला?”

सपना हसली. कोतात उस्तादाच्या विनोदाला हसायचं असतं, हे ती मदतनीस म्हणून बदलून आल्या आल्याच शिकली होती. कोत म्हणजे पोलिसांची शस्त्रं ठेवायची खोली. हिंगोलीजवळच्या त्या कॅम्पातल्या कोताचा आर्मोरर, म्हणजे शस्त्रं सांभाळणारा-दुरुस्त करणारा, हवालदार रत्नपाल. साहेब बदलले, रायफली बदलल्या, कोतावरचे पत्रेसुद्धा बदलले, पण खिडकीमागचा रत्नपाल काही बदलला नाही. कोताला नंबर होता, पण जवान त्याला ‘उस्तादाची खोली’ म्हणायचे.

तुकडी गडचिरोलीच्या बंदोबस्ताला निघाली की कोताच्या खिडकीसमोर रांग लागायची. राउंड भरलेली मॅगझीन प्रत्येकाने उस्तादाच्या तळहातावर ठेवायची. उस्ताद ती दोनदा हातावर आपटायचा, म्हणजे राउंड मागे सरकून नीट बसतात, मग क्षणभर तोलायचा आणि म्हणायचा, “बराबर.” एवढं झालं की जवान गाडीत चढायला मोकळा. एकदा एका आगाऊ जवानाने परीक्षा बघायला मुद्दाम एक राउंड कमी भरला होता. उस्तादाने मॅगझीन परत केली आणि अख्ख्या तुकडीसमोर त्याला कान धरायला लावले. तेव्हापासून कुणी उस्तादाच्या हाताची परीक्षा घेतली नाही.

हा हात बापाचा. बाप डोंगरकडा गावी केळीचे घड ट्रकमध्ये चढवायचा आणि काट्यावर घालायच्या आधी वजन सांगायचा. व्यापारी म्हणायचा, भाऊ, तू असताना मला काटा कशाला?

पण बापाच्या हाताला साखरेचा आजार नव्हता. रत्नपालला तो होता, आणि गेल्या दिवाळीपासून त्याच्या बोटांची टोकं बधिर होत चालली होती. जाड हातमोजे घालून काम करावं तसं सगळं लांबून कळायचं. वजन अजून मनगटाला आणि कोपराला कळत होतं, म्हणून खिडकीवरचं भागत होतं. बारीक कामात मात्र तो सवयीवर रेटून न्यायचा. हे फक्त त्याच्या बायकोला, प्रियदर्शनीला, माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जुन्या लोखंडी मॅगझीनांची तोंडं वाकली होती, काहींना गंज धरला होता. त्याऐवजी प्लास्टिकच्या घ्यायच्या ठरल्या, आणि काळी, हिरवी, खाकी असे तीन नमुने आले. निरीक्षक अमरसिंग साहेबांनी ते रत्नपालच्या टेबलावर ठेवले होते.

“दगा देते का, हातात कशी बसते आणि पैशाला परवडते का, तिन्ही बघा उस्ताद,” साहेब म्हणाले होते. “तुम्ही म्हणाल तीच वर कळवतो.”

नवा माल आला की आधी उघडायचा, पुसायचा, पुन्हा जोडायचा आणि मगच चालवायचा, हा रत्नपालच्या उस्तादाचा नियम. जोडताना खाली बघायचं नाही, हा रत्नपालचा स्वतःचा थाट. त्याने तिन्ही मॅगझीना उघडल्या, आतल्या स्प्रिंगा फडक्याने पुसल्या आणि सपनाला डोंगरकड्याच्या केळीची गोष्ट सांगत सांगत, नजर तिच्याकडे ठेवून, पुन्हा बसवल्या.

“तुमी न बघता कसं बसवून राहिले ओ?” सपनाने विचारलं.

“बघून तं कोणबी बसवंल,” रत्नपाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी रेंजवर चाचणी झाली. फायर करायला सपनाच होती, कॅम्पात तिच्याइतका नेम कुणाचा नव्हता. काळी मॅगझीन सुरळीत चालली, पण भरलेली असताना मुरमावर पाडून बघितली तर तिच्या तोंडाचा टवका उडाला. हिरवी मजबूत होती. किंमत मात्र खाकीच्या जवळजवळ दुप्पट, आणि रायफलीतून निघताना ती अशी अडून बसली की सपनाला रायफल मांडीत दाबून ती उपसावी लागली.

“आता खाकी द्या,” सपना म्हणाली. “ही हातात लई भारी बसती. घाम आला तरी निसटणार न्हाई.”

खाकीने पहिला राउंड दिला. दुसऱ्याचं नाक खाली जाऊन तो अडकला. सपनाने तो काढला, पुन्हा बोल्ट ओढला, आणि पुढचाही तसाच अडकला. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मान हलवली.

“खाकी बाद. महाग पडली तरी हिरवीच घ्यावी लागणार, काय उस्ताद?”

रत्नपालने नुसतं “जी” म्हटलं. प्लास्टिक ते शेवटी प्लास्टिकच, असं बाकीचे म्हणत होते, आणि लोखंडावर जन्म काढलेल्या माणसाला ते ऐकून बरंही वाटलं.

कोतात परत आल्यावर त्याने साफ करायला खाकी उघडली. या वेळी समोर कुणी नव्हतं, म्हणून त्याची नजर हातावर होती. स्प्रिंगचं वाकलेलं टोक पुढच्या अंगाला असायला हवं होतं, ते मागे होतं. स्प्रिंग उलटी बसली होती. त्यामुळे स्प्रिंगवरची, राउंड टेकायची पट्टी पुढे झुकत होती आणि तिच्यावरचा राउंड नाकावर पडत होता. मॅगझीनमध्ये काहीही खोट नव्हती. तो खुर्चीत बसून राहिला. नाचता येईना अंगण वाकडं, असं तो नव्या पोरांना आयुष्यभर ऐकवत आला होता.

संध्याकाळी क्वार्टरमध्ये प्रियदर्शनीने चहाचा स्टीलचा पेला पुढे केला. रत्नपाल तो घेऊन तसाच धरून बसला.

“अहो, ठेवा ना खाली! भाजून राहिलं न्हाई का?”

त्याने पेला ठेवला. बोटं लालबुंद झाली होती. मग त्याने तिला सगळं सांगितलं.

“तुमी गप बसले तं काय हुईन?” तिने विचारलं.

“हिरव्या येतील. चालतील.”

“मंग येऊ द्या की. कोणाचं काय बिघडलं?”

“त्या निघायला अडतेत. सपनाला मांडीत दाबून काढावी लागली. तिकडं जंगलात एका हाताला झाडाचा आडोसा धरलेला असतो, तवा मांडी कुठून आणायची?”

प्रियदर्शनी त्याच्या बोटांना खोबरेल तेल लावत राहिली. त्याला भीती वाटत होती, आणि ती त्याने बोलून दाखवली. कोतातून काढलं तर आपण कोण? गेटवरचा एक म्हातारा हवालदार. तोंडावर नाही, पण पाठीमागे पोरं काय म्हणतील? उस्तादाला स्प्रिंग बसवता येत नव्हती.

“म्हणू द्या काय म्हणायचं ते,” ती म्हणाली. “पण त्या खिडकीवर तुमी बराबर म्हणले की लेकरं डोळे झाकून गाडीत बसतेत. ते तेवढं ध्यानात ठेवा.”

सकाळी तो खाकी मॅगझीन घेऊन साहेबांसमोर उभा राहिला. त्यांच्या टेबलावर ती उघडून दाखवली.

“साहेब, स्प्रिंग उलटी हाय. मीच बसवली होती. माल चांगला हाय.”

अमरसिंग साहेबांनी स्प्रिंग हातात घेऊन निरखली आणि हसले. माणूस मनाने चांगला होता.

“घाईत होतं असं. नीट बसवा, आज पुन्हा चालवू. कुठं बोलायची गरज नाही.”

किती सोपं होतं ते! खाकीही वाचत होती आणि खिडकीमागची खुर्चीही. रत्नपालला क्षणभर वाटलं, देवच पावला, आणि देव न मानणाऱ्या आपल्याला असं वाटावं याची त्याला लाजही वाटली. त्याने सलाम करायला हात उचलला. बोटांना प्रियदर्शनीने लावलेल्या तेलाचा वास येत होता. तो हात त्याने खाली घेतला.

“घाईत न्हाई झालं साहेब. बोटाला कळत न्हाई. दिवाळीपासून. आज मॅगझीन झाली, उद्या कुणाची रायफल हुईन.”

साहेबांनी उठून समोरची खुर्ची ओढून दिली आणि त्याला बसायला सांगितलं. कॅम्पात आल्यापासून रत्नपाल साहेबांसमोर पहिल्यांदाच बसला.

दुपारी रेंजवर खाकी मॅगझीन पुन्हा आली. स्प्रिंग सपनाच्या हातात होती.

“उस्ताद, न बघता बसवू का?”

“बघून,” रत्नपाल म्हणाला. “आता इथून म्होरं बघूनच.”

खाकी एकदाही अडली नाही. मुरमावर पाडली, धुळीत लोळवली, तरी चालली, आणि रायफलीचं बटण दाबलं की आपोआप हातात आली. साहेबांनी खाकीच कळवली. त्याच आठवड्यात रत्नपालने सपनाकडे कोत सोपवलं. कोणत्या कुलपाची किल्ली अडते, कोणती पेटी पावसाळ्यात फुगते, सगळं समजावलं आणि शेवटी आपलं फडकंही तिला दिलं. घरी जाऊन तो रडला. प्रियदर्शनीने त्याला रडू दिलं.

आता तो गेटवर असतो. गाडी आली की आडवा बांबू वर करायचा, गाडी गेली की खाली घ्यायचा. त्या कामाला बोटांची फारशी गरज लागत नाही.

पावसाळा सरल्यावर नव्या खाकी मॅगझीना घेऊन पहिली तुकडी गडचिरोलीला निघाली. सपनाचंही नाव तुकडीत होतं. आदल्या दिवशीच तिने कोताच्या किल्ल्या दुसऱ्याकडे दिल्या होत्या. गाडी गेटपाशी आली. रत्नपालने बांबू उचलायला दोरीला हात घातला, तेवढ्यात सपना मागून खाली उतरली आणि तिने आपली भरलेली मॅगझीन त्याच्यापुढे धरली. गाडीतले सगळे बघत होते.

“उस्ताद, तुमी बघितल्याबिगर कोणी निघत न्हाई म्हणून राहिले.”

रत्नपालने तळहात पुढे केला. सवयीने दोनदा मॅगझीन आपटली, पण तोलायला तो थांबला नाही. खिशातून चष्मा काढून डोळ्याला लावला, मॅगझीन उन्हात धरली आणि तिच्या कडेच्या त्या खिडकीतून आतल्या पितळी राउंडांवरून वरपासून खालपर्यंत सावकाश नजर फिरवली. गाडीचं इंजिन धडधडत होतं. कुणी घाई केली नाही.

“बराबर,” तो म्हणाला.

मग गाडीतून दुसरी मॅगझीन पुढे आली.