एकदा डिपर म्हणजे ‘या’

“पाय उचल. तिथं ब्रेक नाय,” हे म्हणाले आणि मोठ्यानं हसले.

माझा उजवा पाय खालच्या मॅटवर असा दाबून धरलेला होता की पोटरीत गोळा यायची वेळ आली होती. आमच्यात आणि पुढच्या कांद्याच्या टेम्पोत इतकं कमी अंतर होतं की जाळीच्या गोणीतला एकेक कांदा दिसत होता. पडेगाव सोडून पाच मिनिटं झाली नव्हती. वेरूळला भाचीची वास्तुशांत होती, जेवणं बाराच्या पुढे, आणि घड्याळात जेमतेम साडेनऊ.

“अहो, अंतर ठेवा की जरा.”

“ह्या गाडीचा ब्रेक लई कडक आहे. दाबला की जागेवर. तू कामून एवढी भितीस?”

हे बोलणाऱ्या माणसानं एकतीस वर्षं या शहराला गाडी शिकवली, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. काकासाहेब तुपे, छावणीतल्या तुपे मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे तुपे सर. बँकेतले साहेब, वाळूजच्या कंपन्यांतले सुपरवायझर, गुलमंडीतल्या दुकानदारांच्या लेकीसुना, सगळ्यांना ह्यांनी पहिला गिअर टाकायला शिकवलं. आणि तेही डावीकडे बसून. शाळेच्या गाडीत डावीकडच्या सीटपुढे क्लच-ब्रेकची जादा जोडी असायची. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात आणि ब्रेक ह्यांच्या पायाखाली, असा एकतीस वर्षांचा संसार. गाडी चाळीसच्या वर कधी गेली नाही. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, शेजारून जाताना आईबहिणीचा उद्धार करायचे. शिकणारी बाई रडकुंडीला आली की हे म्हणायचे, “वाजवू द्या हो ताई. तोबी कधीतरी असाच शिकला असंल.”

मीही ह्यांचीच विद्यार्थिनी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, मुलांचं अक्षर सुधारायची मला सवय, पण माझा क्लच काही ह्यांना सुधारता आला नाही. शेवटी गाडी शिकायचा नाद मी सोडला.

ह्यांच्या शिकवणीचा शेवटचा दिवस ठरलेला असायचा. दौलताबादच्या पुढे रस्त्यावर जुना दगडी दरवाजा आहे. एका वेळी एकच गाडी जाते. एस.टी. आली तर आरसे मिटून घेते. शिकणाऱ्याला हे तिथं न्यायचे आणि दरवाजाच्या अलीकडे थांबवून विचारायचे, “समोरून गाडी येतीये. काय कराल?”

“थांबेन, सर.”

“आणि?”

“दिवे चमकवून एकदा डिपर देईन.”

“एकदा डिपर म्हणजे?”

“म्हणजे ‘या’.”

“शाब्बास. दुनिया ‘बाजूला हो’ म्हणायला डिपर देती. देऊ द्या. तुप्यांचा डिपर म्हणजे ‘या’.”

हे एवढं पक्कं होतं की ह्यांच्या हाताखालून गेलेला माणूस त्या दरवाजाशी लगेच ओळखू येतो, असं हे अभिमानानं सांगायचे.

गेल्या वर्षी ह्यांनी शाळा सोमनाथकडे सोपवली. सोमनाथ ह्यांचाच तयार केलेला पोरगा. त्याच सुमारास आमचा मुलगा शिवराज जर्मनीला गेला आणि जाताना आपली मोठी गाडी ह्यांच्या नावावर करून गेला. पांढरीशुभ्र, माझ्या खांद्याएवढं बॉनेट, आणि चढायला पायरी. “अण्णा, बंद ठेवू नका, चालवत राहा,” एवढंच तो म्हणाला.

पहिला आठवडा ह्यांनी ती वरातीच्या घोड्यासारखी सांभाळली. आरसे पुसायचे, टायर बघायचे, मगच किल्ली लावायची. नंतर एका रविवारी समृद्धी महामार्गावर जाऊन आले. घरी आले ते वेगळेच. डोळे चमकत होते. जेवताना म्हणाले, “आशा, नुसता पाय टेकवला गं. सगळे मागं राहिले.”

तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. साठीच्या माणसाला काहीतरी नवीन सापडलं, म्हणून मी शिरा केला.

मग एकेक गोष्ट गळत गेली. आधी दोन हातांतला एक हात स्टिअरिंगवरून खाली आला. मग वळताना इंडिकेटर गेला. मग पुढे कुणी असलं की ह्यांना ते सोसेना. माणसांची नावंही बदलली. पूर्वी “ते काका सायकलवर आहेत, जपून” म्हणणारा माणूस आता “हे एक आलं मधी” म्हणायला लागला. उंचावर बसल्यामुळे रस्त्यावरची माणसं ह्यांना लहान दिसायला लागली असावीत. आणि डावीकडे, ह्यांच्या एकतीस वर्षांच्या जागेवर, आता मी होते. फक्त माझ्या पायाखाली काही नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट तर माझ्या मनातून जात नाही. छावणीच्या रस्त्यावर पुढे एक छोटी गाडी गोगलगाईच्या चालीनं चालली होती. ह्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. पुढची गाडी गचके खाऊन बंद पडली. मागच्या काचेवर लाल ‘एल’ होता आणि खाली ह्यांचंच नाव: तुपे मोटार ड्रायव्हिंग स्कूल. शेजारून जाताना मी पाहिलं. स्टिअरिंगवर एक घाबरलेली बाई होती आणि डावीकडून सोमनाथ आमच्याकडे बघत होता. त्यानं हात केला नाही.

“अहो, आपलीच गाडी होती ती!”

ह्यांनी मागच्या आरशात पाहिलं. मग म्हणाले, “एकतीस वर्षं मागच्याचे हॉर्न ऐकले मी. एकदा वाजवला तर काय झालं?”

त्या दिवसापासून मला भीती बसली. ह्यांच्या पोटात एकतीस वर्षांचे हॉर्न साचले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

तर आज कांद्याचा टेम्पो मागे पडला. दौलताबादचा किल्ला डावीकडे आला, पेरूवाल्या बायका गेल्या. मी ह्यांना म्हटलं, “दरवाजा आला. हळू घ्या.”

“दिसतोय मला.”

दरवाजाच्या कमानीतून पलीकडचा रस्ता दिसत होता. तिकडून एक निळी छोटी गाडी आली आणि कमानीच्या पलीकडेच नीट, आपल्या डाव्या बाजूला थांबली. ह्यांनी पाय उचलला नाही. बोटानं एकदा डिपर दिला.

“थांबतंय ते,” हे म्हणाले.

निळी गाडी हलली. घाई नाही, गोंधळ नाही. पहिला गिअर टाकून, सरळ रेषेत, जशी यायला पाहिजे तशी कमानीतून आमच्याकडे यायला लागली. मला ते बघताच कळलं. ती चालवणाऱ्याला कुणी शिकवलंय ते कळलं.

“अहो, ती येतीये! तुम्ही बोलावलंय तिला!”

ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी जागेवर थांबली नाही.

कमानीतच आम्ही तिच्यावर आदळलो. आमच्या गाडीतल्या एअरबॅगच्या फुग्यांनी आम्हाला झेललं. पांढरी पूड नाकातोंडात गेली, बाकी खरचटलंही नाही. निळी गाडी जुनी होती, तिच्यात फुगे नव्हते. तिची उजवी बाजू आत गेली होती आणि डावी दगडाला घासून बसली होती. पेरूवाल्या बायका आणि मागचा टेम्पोवाला धावले. दार उचकटलं तेव्हा आत नौशीन होती.

नौशीन ह्यांची दोन वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. गुलमंडीतल्या करीमभाईंची मुलगी, खुलताबादच्या दवाखान्यात नर्स. इतकी भित्री की समोरून बस दिसली की स्टिअरिंग सोडून डोळे झाकायची. तिला शिकायला दोन महिने लागले. परवाना मिळाला त्या दिवशी ती घरी पेढे घेऊन आली होती आणि माझ्या गळ्यात पडून रडली होती. आज रात्रपाळी करून घरी निघाली होती.

दुपारी शहरातल्या दवाखान्यात आम्ही तिच्या खाटेशी उभे होतो. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला होता. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पहिल्यासारखी नाही. करीमभाई पायाशी बसले होते. ते आम्हाला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, “सरजी, आपनेच सिखाये ना इसकू. बराबर चलाती थी बच्ची.”

हवालदार वही घेऊन आला. नौशीननं ओठांवरून जीभ फिरवली.

“चूक माझीच असेल,” ती म्हणाली. “समोर सर दिसले, सरांनी डिपर दिला होता. सरांचा डिपर म्हणजे ‘या’. मी लवकर निघायला पाहिजे होतं, मलाच वेळ लागला.”

हवालदारानं ह्यांच्याकडे पाहिलं. “व्हय का, सर?”

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. एकतीस वर्षं शाबूत राहिली असती, काचेवरचं नाव राहिलं असतं. खरं सांगते, मला क्षणभर वाटलं, हलवावी. लाज वाटते, पण वाटलं.

ह्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

“नाय,” हे म्हणाले. “बेटा, तुझं काहीच चुकलं नाय. तो डिपर ‘या’चा नव्हता.”

“मग, सर?”

“‘बाजूला हो’चा होता.” मग हवालदाराकडे वळून म्हणाले, “लिवून घ्या. डिपर मी दिला, आणि थांबलो मीच नाय. पोरगी बरोबर होती.”

नौशीन ह्यांच्याकडे बघत राहिली. तिला राग आलेला नव्हता. फळ्यावरचं गणित बाईंनीच चुकवलं की वर्गातली हुशार पोरं जशी बघतात, तशी ती बघत होती.

“पण सर, तुम्ही तर...” एवढंच म्हणाली, आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं.

ती पुन्हा वळेल म्हणून हे बराच वेळ तिथं उभे राहिले. ती वळली नाही. करीमभाईच उठले आणि ह्यांना दारापर्यंत सोडायला आले.

पोलीस ठाण्यातलं सगळं आटोपेपर्यंत पाच वाजले. गाडी तिथंच राहिली. आम्ही रिक्षा केली. हे कडेला बसले, हात मांडीवर ठेवून.

लोखंडी पुलाशी समोरून एक भली मोठी काळी गाडी आली. तिनं लांबूनच डिपर दिला. रिक्षावाल्यानं एक शिवी हासडली आणि रिक्षा कडेला घेतली.

मी खाली पाहिलं. ह्यांचा उजवा पाय रिक्षाच्या पत्र्यावर दाबलेला होता. काळी गाडी निघून गेली, रिक्षा पूल ओलांडून पुढे आली, तरी ह्यांनी तो उचलला नाही.