ढुंढिराजशास्त्र्यांचा पूर्वपक्ष

पाद्र्याच्या ग्रंथाचं खंडन करील त्याला पाठशाळेतली मुख्य शास्त्र्याची जागा, असं काशीतल्या अहिल्याबाई घाटावरच्या मंडळींनी ठरवलं, तेव्हा ढुंढिराजशास्त्री मनातल्या मनात त्या जागेवर जाऊन बसलेदेखील. ग्रंथ वाचायचा राहिलाय, ही त्यांना किरकोळ बाब वाटली. आपल्या या घमेंडीचं त्यांना स्वतःलाच हसू येई, पण ते फार वेळ टिकत नसे.

वादाची रीत अशी, की आधी पूर्वपक्ष करायचा. म्हणजे समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्यानेही मान डोलवावी. मग ते पाडायचं. म्हणून शास्त्रीबुवांनी पाद्र्याकडून संस्कृत प्रत आणली, विटाळ नको म्हणून ओसरीवरच ठेवली आणि रोज मोठ्याने मराठीत अर्थ लावू लागले. आत त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई भाजी चिरता चिरता ऐकत. घरात दुसरं कुणी नव्हतं. एकुलती एक लेक बकुळ आदल्या वर्षी देवीच्या साथीत गेली होती.

सभेच्या दिवशी घाटाच्या पायऱ्या भरल्या. वरच्या बाजूला बायका बसल्या. शास्त्रीबुवांचा पूर्वपक्ष असा रंगला, की पाद्र्याने खरोखरच मान डोलावली. मग ते मेलेल्या मुलीच्या कथेवर आले. येशूने तिचा हात धरून तिला उठवलं आणि हिला काहीतरी खायला द्या, असं घरच्यांना सांगितलं.

आता खंडन. ते तोंडपाठ होतं: मेलेलं माणूस परत येत नाही. शास्त्रीबुवांनी वर पाहिलं, तर अन्नपूर्णाबाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. त्यांच्यासमोर ते वाक्य उच्चारवेना. काशी जिंकायला निघालेले आमचे महापंडित "आगे कल कहेंगे" एवढं पुटपुटून खाली बसले. लगेच नीलकंठशास्त्री उठले. त्यांनी तेच वाक्य खणखणीत म्हटलं आणि जागा मिळवली.

घरी येताना पराभवाला शोभेलसं एखादं वचन शास्त्रीबुवा आठवत होते. एवढ्या विद्वत्तेत एकही सापडेना.

अन्नपूर्णाबाईंनी पान वाढलं. "अहो, ती बिटिया उठल्यावर तिला खायला काय दिलं?"

"ते लिहिलेलं नाही."

"भूक लागली असेल हो तिला."

ग्रंथात नसलेलं अक्षर शास्त्रीबुवांनी जन्मात कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"दूधभात दिला असेल," ते म्हणाले. "साखर घालून. आपल्या बकुळला लागायचा तसा."